दिर्चेबाई आणि मिरचीची पेटी

दिर्चेबाईंनी आयुष्यात एकाही सिनेमाची सुरुवात पाहिली नव्हती. बोलोन्यात प्रातेल्लोच्या रस्त्यामागे एक लहानसं थिएटर होतं. तिथल्या तिकीट खिडकीवर त्या लग्नाच्या आधीपासून बसल्या, त्या थेट थिएटरला टाळं लागेपर्यंत. सिनेमा सुरू झाला तरी उशिरा येणाऱ्यांसाठी खिडकी उघडी ठेवावी लागायची. मग ती बंद करून त्या आत जायच्या आणि शेवटच्या रांगेत टेकायच्या. तोवर पडद्यावर कुणीतरी मेलेलं असायचं, नाहीतर कुणाचं तरी लग्न मोडलेलं असायचं. का मेलं, का मोडलं, ते बाईंना कधी कळायचं नाही. पुढच्या खेळाला पुन्हा खिडकी होतीच.

त्यामुळे नवा माणूस भेटला की त्या त्याला सरळ सांगायच्या, "सुरुवातीपासून सांग." खाटीक असो, पोस्टमन असो की नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर, बाईंच्या स्वयंपाकघरात त्याला आधी आपला जन्म सांगावा लागायचा, मग नळाकडे वळता यायचं. प्लंबरलाही त्याचं काही वाटायचं नाही. उलट तो खुर्ची ओढून बसायचा.

मी त्यांच्याकडे खोली घ्यायला गेले ती ऑक्टोबरात. एकोणीस वर्षांची, फार्मसीच्या पहिल्या वर्षाला नाव घातलेली, पार दक्षिणेतल्या कॅलाब्रियाच्या डोंगरातून रात्रभर बसनं आलेली. दार बोटभर उघडलं. फटीतून एक डोळा आणि चष्म्याची एक काच दिसली.

"किती जण?" आतून आवाज आला.

"एकटीच आहे."

"पुढची रांग की मागची?"

मी बावचळले. तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला आणि एक उंच मुलगी म्हणाली, "अगं, खोली विचारतायत. पुढची रस्त्यावर आहे, गोंगाट फार. मागची अंगणाकडे, पण थंडी फार." ही ओर्नेल्ला. उत्तरेच्या टोकाच्या बेल्लूनोची, जनावरांची डॉक्टर होत होती, आणि बाईंकडे तिचं तिसरं वर्ष चालू होतं. मी मागची घेतली. थंडी परवडली, गोंगाट नको.

आत पाऊल टाकणार, तोच बाई ओरडल्या, "पाय!" दारात जाड लोकरी कापडाचे चौकोनी तुकडे मांडलेले होते. त्यांवर बुटांसकट पाय ठेवायचे आणि घसरत घसरत घरभर हिंडायचं, म्हणजे फरशीला ओरखडा जात नाही आणि आपोआप पॉलिशही होतं. त्या घरात कुणी चालत नसे. मी पहिल्या दिवशी दोनदा आपटले. बाईंनी उठवलं नाही, पण फरशी मात्र नीट पाहून घेतली.

पहिले पंधरा दिवस मी नुसती रडत होते. बोलोन्याची माणसं भरभर बोलतात, लोण्यात तळतात, आणि त्यांच्या रस्त्यांवर सगळीकडे कमानीच कमानी. एका कमानीखालून शिरायचं आणि भलत्याच चौकात निघायचं. वर्गात शंभर मुलं, त्यातल्या एकालाही माझं नाव माहीत नाही. आमच्या गावात मी शिंकले तर तीन घरांतून "बरी आहेस ना गं?" असं विचारत.

दर रविवारी जेवणं झाल्यावर आईचा फोन यायचा. फोन बाईंच्या घरातल्या लांबट बोळात भिंतीवर टांगलेला होता. मी रिसीव्हरमध्ये मुसमुसायची. माझी आई, सावेरिया, रडण्याला फारशी भीक घालणारी नव्हे. ती म्हणाली, "ईस्टरपर्यंत थांब, रोकीना. तोवर रुळलीस तर रुळलीस. नाहीतर मी स्वतः येईन आणि तुला घेऊन जाईन. इथं जवळ कोसेन्झालाही कॉलेज आहे, जगबुडी होत नाही." तेव्हा मला ते ऐकून केवढा धीर आला! ईस्टर कधी येतो याची मी वाट बघायला लागले.

ईस्टरच्या आधी पेटी आली.

आमच्याकडची मुलं उत्तरेला शिकायला गेली की त्यांच्यामागून घरचं खाणं जातं. शुक्रवारी संध्याकाळी गावाकडून बस सुटते, शनिवारी सकाळी बोलोन्याला पोचते, आणि स्टँडवर आमची सगळी पोरं थंडीत हात चोळत उभी असतात. ड्रायव्हर मीको एकेक खोकं खाली फेकत ओरडतो, "पेप्पे, तुझं चीज! जळलं मेलं, सगळी गाडी घाणली!" माझी पेटी बाबांनी बनवलेली होती, संत्र्याच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून, वर झाकण आणि दोरी. आईनं ती अशी भरली होती की जणू उत्तरेत दुष्काळ पडलाय. तेलातली वांगी, सुके अंजीर, पाव, चीजचा गोळा, आणि बरणीभर एन्दूया. डुकराच्या चरबीत लाल मिरची ठासून कालवतात आणि पावाला फासून खातात, ती ही एन्दूया. खाणाऱ्याला सवय नसेल तर देवच वाली.

दिर्चेबाईंनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुझ्या आईला वाटतं मी तुला उपाशी ठेवते?"

"तसं नाही बाई, आमच्याकडे रीतच आहे."

"बोलोन्यात! बोलोन्यात कुणी बाहेरून खाणं पाठवतं? समुद्रात पाणी ओतायला गेल्यासारखं झालं हे." असं म्हणत त्यांनी एन्दूयाची बरणी उघडली, वास घेतला, आणि पावाला लावायचं मऊ पॅटे असेल असं समजून चांगला मोठा चमचा तोंडात घातला.

पुढचं मी जन्मात विसरणार नाही. बाई आधी गप्प झाल्या, मग लाल झाल्या, मग फरशीवरून कापडाशिवाय, चक्क बुटांनी, धावत गेल्या आणि दुधाचं भांडं तोंडाला लावलं. ओर्नेल्ला पोट धरून हसत होती. बाईंना बोलता यायला लागल्यावर त्यांनी हुकूम सोडला, "हे विष माझ्या स्वयंपाकघरात नको! बाहेर!" सगळ्या बरण्या बाल्कनीतल्या लाकडी कपाटात गेल्या. कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली बाईंच्या ॲप्रनच्या खिशात गेली. आईची वांगी खायचीही मला चोरी झाली.

पण सोमवारच्या बसनं पेटी परत पाठवायची वेळ आली तेव्हा एक गंमत झाली. मी रिकाम्या पेटीला दोरी बांधत होते, तर बाईंनी माझ्या हातावर चापट मारली. "रिकामी? माझ्या घरातून? लोक काय म्हणतील!" त्यांनी फडक्यात गुंडाळून पार्मेझान चीजचा असा तुकडा ठेवला की झाकण बसेना. माझ्या आईचं म्हणणंही नेमकं हेच होतं. शेजारणीची ताटली रिकामी परत करायची नाही, मग त्या शेजारणीशी बोलणं बंद का असेना. दोघी एकमेकींना ओळखतही नव्हत्या, पण या एका बाबतीत दोघींना एकाच आईनं वाढवलं असावं.

चीज पाहून आईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आम्ही काय भिकारी आहोत? आमच्याकडे चीज नाही?" पुढची पेटी आली ती पहिलीपेक्षा जड. तिला उत्तर म्हणून बाईंनी मोर्ताडेला, म्हणजे तिथला जाडजूड सॉसेज, पाठवला. त्याला उत्तर म्हणून आईनं वाळवलेल्या टोमॅटोच्या माळा पाठवल्या. त्यावर बाईंनी रागूच्या, म्हणजे खिम्याच्या सॉसच्या, बाटल्या भरल्या. मीको मला म्हणाला, "तुझ्या आईला आणि त्या म्हातारीला सांग, मी बस चालवतो, मालगाडी नाही." मध्ये मी बसून दोन्हीकडचं खात होते आणि ऑक्टोबरात आणलेले स्कर्ट मला होईनासे झाले होते.

नोव्हेंबरात धुकं उतरलं. तिथलं धुकं म्हणजे हात पुढे केला तर हात दिसू नये असलं. एका संध्याकाळी मी लायब्ररीतून निघाले आणि तासभर कमानींखालून फिरत राहिले. प्रत्येक खांब मला आपल्या दारासमोरचा वाटायचा.  तेवढ्यात वरून कुठूनतरी भांड्याचा खणखणाट ऐकू आला आणि पाठोपाठ आवाज, "कॅलाब्रियाऽऽ! इकडे! डावीकडे वळ, मूर्ख पोरी, डावीकडे!" दिर्चेबाई तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पातेल्यावर झाकण आपटत होत्या. त्यांना मी दिसतही नव्हते. त्या नुसत्या अंदाजानं, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला डावीकडे वळवत होत्या. त्या संध्याकाळी आमच्या जिन्यात तीन अनोळखी माणसं चढून आली.

मग त्यांनी मला चुलीशी बसवलं आणि म्हणाल्या, "आता सुरुवातीपासून सांग. तुझं गाव कसं आहे?" मी सांगत गेले. आमची शेळी, बाबांचं जंगलखात्यातलं काम, आईनं पहाटे उठून केलेले पाव. बाई मध्येच विचारायच्या, "आणि मग?" तिकीट खिडकीतून बघावं तशा, मान थोडी वाकवून, पूर्ण लक्ष देऊन. त्या रात्री मी पहिल्यांदा न रडता झोपले. सकाळी उठून आरशात पाहिलं तर डोळे सुजलेले नव्हते, आणि मलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

असं करत करत मी रुळले. कधी ते मला कळलं नाही. पाव आणायला कुठल्या बेकरीत जायचं नाही ते मला ठाऊक झालं. फरशीवरून मी ओर्नेल्लापेक्षा झोकात घसरायला लागले. एकदा वर्गात कुणी नवा मुलगा वाट विचारायला आला, तर मी त्याला बाईंच्याच आवाजात सांगितलं, "डावीकडे!" ईस्टरची वाट बघायचं मी विसरून गेले.

डिसेंबरात सुट्टीला घरी निघाले, तेव्हा बाईंनी टोर्टेलिनी करायला घेतल्या. हे काम त्या कुणालाही करू देत नसत. फळीवर कणीक लाटून लाटून कागदासारखी पातळ केली, चौकोन कापले, सारणाचा वाटाण्याएवढा गोळा ठेवला, आणि करंगळीला वेढा देऊन एकेक मिटली. दिवसभर. शेवटी पाठीला हात लावून त्या उठल्या, स्वच्छ कापडात ट्रे बांधला आणि माझ्या हातात दिला.

"तुझ्या आईला सांग, हे रश्शात. खस्सी कोंबड्याच्या रश्शात, बाकी कशात नाही. आणि रस्सा कसा हवा? तळाशी ताटलीवरची फुलं दिसली पाहिजेत इतका नितळ. सांगशील?"

"सांगेन बाई."

"पुन्हा म्हणून दाखव."

मी म्हणून दाखवलं. घरी जाऊन आईलाही शब्दन् शब्द सांगितला. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रस्सा आजाऱ्याला देतात. ख्रिसमसला पाहुण्यांपुढे पाणी ठेवू?" तिनं लालभडक टोमॅटोचा सॉस केला, त्यात दोन मुठी मिरची घातली, टोर्टेलिनी त्यात घोळवल्या आणि वरून शेळीचं चीज किसलं. सगळ्यांनी दोनदोनदा वाढून घेतलं. काका बोटं चाटत म्हणाले, "उत्तरेच्या बाईला स्वयंपाक जमतो की!" मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. खरं सांगायचं तर चव झकास लागली होती.

जानेवारीत परत आले. बाईंनी विचारलं, "रस्सा नितळ होता?" मी म्हटलं, "सगळ्यांना फार आवडलं, बाई." हे खोटं नव्हतं. आणि प्रकरण तिथंच मिटलं असतं, पण रविवारी आईचा फोन आला तेव्हा मी अंघोळीला होते. फोन बाईंनी घेतला. दोघी पहिल्यांदाच एकमेकींशी बोलत होत्या. माझी आई फोनवर बोलते ती डोंगराच्या पलीकडे ऐकू जावं म्हणून, त्यामुळे मला बाथरूममध्येही ऐकू आलं.

"सिन्योरा दिर्चे! तुमच्या त्या छोट्या छोट्या गोष्टी काय सुंदर होत्या हो! आमच्या सॉसमध्ये तर अशा मुरल्या! आणि मिरचीनं काय बहार आली!"

मग काहीच ऐकू आलं नाही. मी टॉवेल गुंडाळून धावत बाहेर आले, तर रिसीव्हर दोरीला लोंबकळत होता. त्यातून आई विचारत होती, "हॅलो? हॅलो, ऐकताय ना?" बाई बोळाच्या मधोमध उभ्या होत्या.

"लाल?" त्या मला म्हणाल्या. "लाल केल्या?"

मी मान खाली घातली. त्या घसरत घसरत आपल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

हसू नका. त्यांच्या आईनं त्यांना करंगळीवर टोर्टेलिनी मिटायला शिकवलं होतं, त्या आईला तिच्या आईनं. त्या घरात रश्शाबाहेरची टोर्टेलिनी कुणी पाहिली नव्हती. बाईंचा नवरा आर्मांदो मरताना रस्साच मागत होता असं त्या सांगायच्या. आमच्या घरी कुणी पाहुणा येऊन एन्दूया पाण्यानं धुऊन खाल्ली असती, तर आईला जे वाटलं असतं तेच बाईंना वाटत होतं. मला दोन्ही बाजू कळत होत्या, आणि कळूनही काही करता येत नव्हतं.

बाई माझ्याशी बोलेनात. स्वयंपाक करायच्या, ताट पुढे सरकवायच्या, पण "आणि मग?" बंद. संध्याकाळी एकट्याच बाल्कनीत जायच्या आणि येताना हातात दुधाचा पेला. "झोप येत नाही म्हणून पितात," ओर्नेल्ला म्हणाली. मला आणखीच वाईट वाटलं. झोप माझ्यामुळे उडाली होती ना.

पुढच्या आठवड्यात सोमवारी मी क्लासला होते, म्हणून पेटी मीकोकडे ओर्नेल्लानं पोचवली. बुधवारी आईचा फोन आला. बुधवारी फोन म्हणजे कुणीतरी गेलं असंच मला वाटलं.

"पेटी रिकामी आली," आई म्हणाली. ती ओरडत नव्हती. म्हणूनच मला घाम फुटला.

"काय?"

"रिकामी, रोकीना. आत काही नाही. एक अंजीरसुद्धा नाही. मी सगळी फळी चाचपून पाहिली."

मी ओर्नेल्लाकडे पाहिलं. ती कुजबुजली, "हलकी होती खरी. मला वाटलं बाईंनी केक पाठवला असेल."

"ज्या घरातून पेटी रिकामी येते, त्या घरात माझ्या मुलीनं राहायचं नाही," आई म्हणाली. "ईस्टर कशाला, शनिवारीच येते. बॅग भरून ठेव."

"आई, मला इथं राहायचंय."

"ऑक्टोबरात तर मला घेऊन जा, घेऊन जा करत होतीस."

"तेव्हाचं वेगळं होतं. शुक्रवारी माझी रसायनशास्त्राची परीक्षा आहे."

"परीक्षा दे. शनिवारी येते." फोन ठेवला गेला.

मी बाईंच्या बंद दारापाशी गेले आणि दाराशीच बोलले. "बाई, आई शनिवारी येतेय. मला घेऊन जायला." आत काहीतरी हललं, पण दार उघडलं नाही. मला बाईंचा इतका राग आला! एका पेटीपायी, चार टोर्टेलिनींपायी ही म्हातारी मला जाऊ देते? आणि आईचाही राग आला. दोघींनाही एका खोलीत कोंडून वरून कुलूप लावावंसं वाटलं.

शुक्रवारी सकाळी मी परीक्षेला निघाले. आमच्याकडे परीक्षेला जाणाऱ्याला कुणी शुभेच्छा देत नाही, तो अपशकुन. "लांडग्याच्या तोंडात जा" असं म्हणायचं, आणि जाणाऱ्यानं "मरो तो लांडगा" म्हणायचं. ओर्नेल्ला झोपली होती. मी कापडावरून दारापर्यंत घसरत गेले, कडी काढली, आणि मागून बंद दारातून घोगरा आवाज आला.

"लांडग्याच्या तोंडात जा."

"मरो तो लांडगा, बाई," मी म्हटलं आणि जिन्यातच रडायला लागले. परीक्षा तोंडी होती. प्राध्यापकांनी विचारलं, "सर्दी झालीय का?" मी हो म्हटलं. पास झाले, चांगले गुण मिळाले. घरी येऊन सांगितलं तेव्हा बाईंनी नुसती मान हलवली. पण खाटकाकडून आलेला एक अख्खा खस्सी कोंबडा टेबलावर पडलेला मी पाहिला.

शनिवारी आई बसमधून उतरली ती काळा कोट घालून, रविवारच्या प्रार्थनेला निघाल्यासारखी. पेटी तिच्या मांडीवरच होती. मीको म्हणाला, "रात्रभर तशीच बसलीय. डिकीत ठेवू दिली नाही." आईनं माझे गाल चिमटीत धरून पाहिले. मी वाळलेली नव्हते. तिला भांडायला एक मुद्दा कमी पडल्यासारखं झालं.

"बॅग भरलीस?"

"भरलीय."

 कमानींखालून चालताना आई एकदाच म्हणाली, "एवढ्या छपरांना पैसे कोण देतं?"

दिर्चेबाईंनी दार सताड उघडं ठेवलं होतं. केस विंचरलेले, नवा ॲप्रन. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. आई म्हणाली, "मी माझ्या मुलीला न्यायला आलेय." आणि तिनं पाऊल आत टाकलं.

"पाय!" बाई ओरडल्या.

आईला काय कळणार? तिनं कापडावर पाय ठेवला, तो निसटला, आणि माझी काळ्या कोटातली आई, पेटी छातीशी धरून, बोळातून सरळ सुटली. बाईंनी दोन्ही हात पसरून तिला झेलली. दोघी भिंतीवर आपटल्या. टोपी एकीकडे, चष्मा दुसरीकडे, पेटी मात्र शाबूत. ओर्नेल्लानं तोंडात रुमाल कोंबला.

"लागलं का?" बाईंनी विचारलं.

"तुमच्याकडे पाहुण्यांना असंच आत घेतात?" आई म्हणाली.

"बसून बोला," बाई म्हणाल्या. "रात्रभराचा प्रवास झालाय. गाडी संध्याकाळी आहे. भांडायला वेळ आहे."

टेबलावर चार ताटल्या मांडलेल्या होत्या. बाईंनी रस्सा वाढला. त्यात टोर्टेलिनी, आणि तळाशी निळी फुलं स्पष्ट दिसत होती. आईनं वाकून पाहिलं. तिला वाटलं असणार, पाणीच आहे. पण अन्नाला नाव ठेवायची तिची पद्धत नव्हती. तिनं एक चमचा घेतला. मग दुसरा.  आईनं अर्धी ताटली संपवली आणि मग चमचा खाली ठेवला.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "खोटं बोलणार नाही. चांगलं आहे. पण सिन्योरा, जीभ झोपून जाते हो."

आता स्फोट होणार असं मला वाटलं. बाई उठल्या. ॲप्रनच्या खिशातून किल्ली काढली, बाल्कनीत गेल्या, कपाटाचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. परत आल्या आणि त्यांनी एन्दूयाची बरणी आईपुढे ठेवली.

बरणी जवळजवळ रिकामी होती. तळाशी चमचाभर लाल उरलं होतं.

आईनं बरणी उचलली, उजेडात धरली, फिरवून पाहिली. मग माझ्याकडे वळली. "तू संपवलीस?"

"मी नाही. मला तर किल्लीच देत नव्हत्या!"

"माझ्याकडे बघू नका," ओर्नेल्ला म्हणाली. "मी बेल्लूनोची आहे. मी मेले असते."

सगळ्यांनी दिर्चेबाईंकडे पाहिलं. बाई कानांपर्यंत लाल झाल्या होत्या, एन्दूया न खाताच.

"गुडघ्यांसाठी," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, उष्ण काहीतरी हवं. रात्री पावाला जरासं लावून. मग दूध."

"गुडघ्यांसाठी," आई म्हणाली.

"आधी गुडघ्यांसाठीच होतं," बाई पुटपुटल्या. "मग सवय झाली. वांगीही संपलीत. काय घालता हो त्यात?"

माझी आई हसायला लागली. मी तिला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. टेबलावर कपाळ टेकून, खांदे गदगदा हलवत. बाईंनी थोडा वेळ फुगून पाहिलं आणि मग त्याही हसायला लागल्या. आईनं बरणीतला उरलेला चमचा अर्धा अर्धा केला. अर्धा आपल्या रश्शात, अर्धा बाईंच्या. नितळ रस्सा लाल झाला. बाईंनी डोळे मिटून घेतले आणि खाल्ला.

"तुमच्या त्या लाल टोर्टेलिनींबद्दल मला पुन्हा कधी सांगू नका," त्या म्हणाल्या. "आणि पेटी रिकामी पाठवली, ते माझं चुकलं. आता सुरुवातीपासून सांगा. ही जन्मली तेव्हा काय झालं?"

आणि माझी आई, जी अनोळखी माणसाला वेळसुद्धा सांगत नाही, ती सांगत बसली. बर्फ पडत होता, सुईण डोंगरापलीकडे अडकली होती, बाबा खेचरावरून तिला आणायला गेले होते. मला ठाऊक नसलेल्या गोष्टी. बाई मान वाकवून ऐकत होत्या. "आणि मग?" "मग काय, ही पायाळू!" "अरे देवा! आणि मग?" माझ्याकडे कुणी बघतही नव्हतं. मी आणि ओर्नेल्लानं भांडी घासली.

संध्याकाळी बस निघायची वेळ झाली. मी बॅग उचलून दारात उभी राहिले. आईनं कोट घातला, कापडावर सावधपणे पाय ठेवले, आणि माझ्या बॅगेकडे असं पाहिलं की ती तिथं कशी आली याचंच तिला नवल वाटावं.

"ती कुठं घेऊन निघालीस?" ती म्हणाली. "आत ठेव. फरशी खराब होईल." आणि पेटी उचलून निघाली. पेटी जड होती. बाईंनी काय भरलं होतं ते मला विचारू दिलं नाही.

पुढच्या शनिवारी मी स्टँडवर गेले. मीकोनं पेटी काढली, झाकणावरचं नाव वाचलं आणि माझ्या हातात द्यायच्या ऐवजी मागे घेतली. "तू रोकीना ना? ही तुझी नाही."

मी पाहिलं. आईच्या मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: सिन्योरा दिर्चे फान्तुत्सी, तिसरा मजला. माझं नाव कुठंही नव्हतं.

मला राग आला आणि तिथंच, सगळ्यांसमोर, रडूही आलं. आई मला आता न्यायला येणार नव्हती. तिनं मला तिथं देऊन टाकलं होतं. मी पेटी मिठीत घेऊन कमानींखालून घरी गेले, एकदाही वाट न चुकता.

बाईंनी दोरी सोडली. तीन बरण्या एन्दूया, दोन बरण्या वांगी, अंजीर, आणि अगदी तळाशी माझ्यासाठी लोकरी मोज्यांचा एक जोड. बाईंनी बरण्या बाल्कनीतल्या कपाटात लावल्या, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

"तोंड कशाला पाडतेस?" त्या म्हणाल्या. "मागितलंस तर देईन चमचाभर."